पाऊण किलोचा हिशेब

परवा रात्री जेवणं आटोपून ओसरीवर बसलो होतो, तेवढ्यात भाच्याचा फोन आला. हा भाचा अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात असतो, गेली अठरा वर्षं. एरवी त्याचा फोन म्हणजे तब्येत, पाऊसपाणी, मक्याला भाव काय मिळाला, एवढंच. पण परवा त्याने विचारलं, "मामा, तुम्ही कॉलेजात एनसीसीत होतात ना? रायफलीचं वजन कमी करायचं असेल तर कुठून कमी करावं?"

मी चाट पडलो. शहात्तराव्या वर्षी देवगाव रंगारीतल्या एका निवृत्त शिक्षकाला हा प्रश्न! मराठी माध्यमातून बी.ए. झालेला माणूस मी. पस्तीस वर्षं मुलांना व्याकरण नि इतिहास शिकवला. बंदुकीशी माझा संबंध आयुष्यात दोनदाच आला, त्यातला एक सांगण्यासारखा नि दुसरा न सांगण्यासारखा. आज दोन्ही सांगणार आहे.

तर झालं असं, की भाचा आणि त्याचे दोन मित्र या हिवाळ्याच्या तोंडावर डोंगरात एल्कच्या शिकारीला जाणार आहेत. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या कुळातलं हरीण, पण त्याहून थोराड. मोठा नर तीनशे किलोच्या पुढे भरतो. तिकडे शिकारीला कायद्याने परवानगी आहे. सरकार परवाना देतं, हंगाम ठरवून देतं, अंगात भडक नारिंगी जाकीट घालायला लावतं आणि बंदूक कशी हाताळायची याचा अभ्यासक्रम पास झाल्याशिवाय परवानाच देत नाही. गंमत म्हणजे हा नियम १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना लागू आहे. म्हणजे मलाही परीक्षेला बसावं लागलं असतं!

हे डोंगर तीन हजार मीटर उंचीचे. कळसूबाई सोळाशे शेहेचाळीस मीटर, म्हणजे जवळपास दोन कळसूबाया एकावर एक. हवा विरळ, पायाखाली बर्फ. भाच्याची रायफल साडेतीन किलोची. तिच्यावरची दुर्बीण कड्यांसकट पाऊण किलो, पुढे टेकवायची दोन पायांची घोडी साडेतीनशे ग्रॅम, पट्टा शंभर ग्रॅम. सगळं मिळून चार किलो सातशे. मित्राने त्याला सल्ला दिला की लाकडी दस्ता काढून कार्बन फायबरचा बसव, नळी बारीक नि आखूड करून घे, रायफल तीन किलोच्या आत येईल. खर्च बराच आहे. करू का, एवढाच त्याचा प्रश्न.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आक्काचा फोन. आक्का म्हणजे त्याची आई, माझी थोरली बहीण. तिने पंधरा वर्षांपूर्वी माळ घातली, तेव्हापासून घरात अंडंसुद्धा येत नाही. म्हणाली, "तो तुझं ऐकतो. त्याला सांग, असली पापं करू नको म्हणावं." म्हणजे भाच्याला हवं होतं उत्तर आणि आक्काला हवा होता नकार. मी दोघांनाही "बघतो" म्हणालो आणि विचारात पडलो.

आधी सांगण्यासारखं सांगतो. १९६२ च्या चीनच्या युद्धानंतर, १९६३ पासून कॉलेजातल्या मुलांना एनसीसी सक्तीची झाली. मी औरंगाबादेत (आजच्या छत्रपती संभाजीनगरात) शिकायला गेलो तेव्हा ती सक्ती होती. हातात यायची ती थ्री-नॉट-थ्री रायफल. वजन चार किलो. परेडच्या सुरुवातीला ती खांद्यावर घेताना छाती फुगायची. तासाभराने तीच रायफल नांगरासारखी वाटायची. गोळीबाराच्या दिवशी मात्र उस्ताद म्हणाले होते, "हिच्या वजनाला शिव्या देऊ नका. हे वजन आहे म्हणून खांदा शाबूत आहे." त्या वेळी ते वाक्य कानावरून गेलं. पुढे शाळेत आमच्या विज्ञानाच्या सरांनी नववीच्या वर्गात संवेगाचा धडा शिकवताना बंदुकीचंच उदाहरण घेतलं, तेव्हा दाराबाहेर उभं राहून मला ते कळलं.

गोळी पुढे जाते तेव्हा बंदूक मागे येते. काडतूस तेच ठेवलं आणि बंदूक हलकी केली, तर ती जास्त वेगाने मागे येते आणि धक्क्याची ऊर्जा बंदूक जितक्या पटीने हलकी झाली तितक्या पटीने वाढते. भाच्याचं चार किलो सातशेचं प्रकरण दोन किलो नऊशेवर आणलं, तर खांद्याला बसणारा दणका दीडपटीहून जास्त. दणका बसणार हे एकदा शरीराला कळलं, की बोट चाप ओढायच्या आधीच खांदा आक्रसतो, डोळा मिटतो नि नेम हलतो. हे भित्रेपणाचं लक्षण नाही, शरीराचा धर्मच तो. शिवाय हलकी नळी हातात स्थिर राहत नाही. काठीच्या टोकाला थोडं वजन असलं की ती कमी थरथरते, हे कोणीही करून पाहावं. नळी आखूड केली तर गोळीचा वेग घटतो. नळी बारीक केली तर ती लवकर तापते आणि दोन-तीन बारांनंतर गोळी जरा इकडेतिकडे जाऊ लागते. शिकाऱ्याला एक-दोनच बार टाकायचे असतात म्हणून त्याचं यातून निभावतं, पण फुकट काहीच मिळत नाही.

मग हलकी बंदूक वाईटच का? तसंही नाही. जिम कॉर्बेटची गोष्ट पाहा. १९०७ साली चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल त्याला रिग्बी कंपनीची .२७५ ची हलकी रायफल भेट मिळाली. त्याच्याकडे जोडनळीची भारी रायफलही होती. १९३० च्या एप्रिलात चौगडच्या नरभक्षक वाघिणीच्या मागावर असताना त्याच्या एका हातात ही हलकी रायफल होती आणि दुसऱ्या हातात वाटेत सापडलेली पाखराची दोन अंडी. एका मोठ्या खडकाला वळसा घालून तो पुढे झाला, मान वळवली, तर वाघीण मागे अवघ्या काही फुटांवर बसलेली. रायफलीचं तोंड भलतीकडे. त्याने एकाच हाताने ती अगदी सावकाश फिरवत आणली आणि गोळी झाडली. आपण का वाचलो याची जी कारणं त्याने पुढे लिहिली, त्यात बंदूक हलकी होती हे एक आहे. भारी रायफल असती तर एका हाताने ती फिरवता आली नसती.

हलकेपणाने जीव वाचतो हे खरं. पण कॉर्बेटची ती रायफल साधी, लाकडी दस्त्याचीच होती. तिच्यावर दुर्बीण नव्हती, घोडी नव्हती, आणि तिचं काडतूसही मध्यम ताकदीचं होतं. म्हणजे बंदूक कोरून हलकी केलेली नव्हती, मुळात तिच्यावर काही लादलेलंच नव्हतं. या दोन गोष्टींत फरक आहे, आणि माझ्या मते भाच्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या फरकात आहे.

आपल्या सैन्याचा अनुभवही हेच सांगतो. जुन्या एसएलआर रायफलीचं एक काडतूस साधारण चोवीस ग्रॅमचं, तर नंतर आलेल्या इन्सासचं बारा ग्रॅमचं. म्हणजे शंभर काडतुसांमागे एक किलो दोनशे ग्रॅम वाचले. डोंगरावर हे थोडकं नव्हे. पण १९९९ साली कारगिलच्या थंडीत इन्सासची प्लॅस्टिकची मॅगझिन तडकल्याच्या तक्रारी आल्या. पुढे २०१९ पासून सैन्याने जास्त ताकदीच्या काडतुसाच्या रायफली घ्यायला सुरुवात केली. हलकं करणं चुकलं असं मी म्हणणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण टेबलावर वाचवलेलं वजन डोंगरावर कुठल्या रूपात परत येतं ते वर चढणाऱ्यालाच कळतं. भाचाही बर्फातच जाणार आहे, म्हणून हे सांगितलं.

आता न सांगण्यासारखं.

१९६३ ची दिवाळीची सुट्टी. मी चौदा वर्षांचा. आजोळ कन्नडच्या पलीकडे, गौताळ्याच्या डोंगराच्या पायथ्याला. तो सगळाच मुलूख शिकारीचा. चाळीसगावकडे उतरणाऱ्या घाटाला औट्रम घाट म्हणतात, तो ज्याच्या नावाने ओळखला जातो तो जेम्स औट्रम भिल्ल पलटणीचा अधिकारी आणि वाघांच्या शिकारीसाठी नावाजलेला. आपली अजिंठ्याची लेणी १८१९ साली जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस पडली तीही वाघाच्या शिकारीत. त्या साहेबांना बंदुकीच्या वजनाचा प्रश्न पडला असेल असं वाटत नाही. हाका घालायला माणसं, ओझी वाहायला माणसं. जे आपण उचलत नाही त्याचं वजन आपल्याला कळत नाही.

माझ्या मामाकडे जोडनळीची बारा बोअरची बंदूक होती, पीक राखण्याच्या परवान्यावर. रानडुकरं ज्वारी लोळवायची. वन्यजीव संरक्षणाचा कायदा अजून व्हायचा होता, तो १९७२ चा. एक दिवस मामा मला बरोबर घेऊन डोंगरात निघाला. बंदूक रिकामी करून माझ्या खांद्यावर दिली. मला केवढा अभिमान! पहिला टप्पा चढेपर्यंत तो टिकला. दुसऱ्या टप्प्यावर पट्टा खांद्यात रुतायला लागला. मी काही बोललो नाही, पण मामाने ओळखलं आणि बंदूक स्वतःकडे घेतली. एवढ्यात वरच्या सोंडेवर डुक्कर दिसलं. मामाने काडतुसं भरली आणि तो उरलेला चढ जवळजवळ पळतच चढला. सोंडेवर पोचला तेव्हा त्याचा भाता फुलला होता. थांबायला हवं होतं, पण थांबला नाही. बार टाकला.

डुक्कर पडलं नाही. मागचा पाय ओढत झाडीत गेलं. आम्ही रक्ताच्या थेंबांवरून गेलो, एका नाल्यापर्यंत. मग अंधारून आलं. मामा म्हणाला, "चल, उद्या बघू." दुसऱ्या दिवशी सापडलं नाही. तिसऱ्या दिवशी गुराख्याने सांगितलं, खालच्या नाल्यात गिधाडं उतरलीत. मी मामाबरोबर गेलो होतो. नाल्यातल्या मातीवर त्याने जिथे जिथे अंग ओढलं होतं तिथे घसरल्याच्या खुणा होत्या, पाण्याच्या डबक्यापर्यंत. डबक्याच्या अलीकडे दोन हातांवर ते पडलं होतं. कधी मेलं कोण जाणे. पण लगेच मेलं नव्हतं, एवढं त्या मातीत लिहिलेलं होतं.

परतताना मामा एकच वाक्य बोलला, "दम लागला होता रे, हात हलला." त्यानंतर मामा शिकारीला गेला नाही असं नाही, दोन-तीनदा गेला. मी मात्र कधीच गेलो नाही.

हे आज साठ वर्षांनी सांगतोय, कारण भाच्याने विचारलेला प्रश्न मला त्या नाल्यात उभा राहून ऐकू आला. बंदुकीचं वजन शिकाऱ्याच्या खांद्याच्या बाजूनेच मोजतात सगळे. मला वाटतं ते जनावराच्या बाजूनेही मोजावं. भारी बंदुकीने दमलेला हात हलतो, जनावर जखमी होतं. फार हलक्या बंदुकीच्या दणक्याला बिचकून हात हलतो, तरी जनावर जखमीच होतं. त्याला बंदूक कार्बनची होती की अक्रोडाच्या लाकडाची याच्याशी काय देणंघेणं? तेव्हा एका बारात, न तडफडता मरण देता येईल इतकं वजन बंदुकीत असावं, आणि नेम धरायच्या क्षणी श्वास जागेवर असेल इतकंच असावं. यापेक्षा वेगळं माप मला सुचत नाही.

नुसतं तत्त्वज्ञान सांगून भाच्याचं समाधान होणार नव्हतं. म्हणून मी पिशवी घेऊन किराणा दुकानात गेलो आणि चार किलो सातशे ग्रॅम ज्वारी तोलून मागितली. दुकानदार म्हणाला, "गुरुजी, पाच घ्या ना सरळ." मी म्हटलं, नाही, चार सातशेच. ती पिशवी खांद्याला लावून शाळेच्या मैदानाला चार चकरा मारल्या. मग पाऊण किलो काढून पुन्हा चार. फरक पडतो, खोटं कशाला बोला. पण खरं सांगू का, दुसऱ्या खेपेला मी ज्वारीपेक्षा स्वतःच्या पोटाच्या ओझ्यानेच जास्त दमलो होतो.

मग कागदावर हिशेब मांडला आणि रविवारी त्याला फोन करून सांगितला. बंदुकीची नळी नि दस्ता, दोन्हीला हात लावू नको. दुर्बीण साडेतीनशे ग्रॅमची साधी घे, चारशे वाचले. घोडी काढून टाक, पाठीवरची सॅक जमिनीवर ठेवून तिच्यावर बंदूक टेकव, साडेतीनशे वाचले. हा झाला पाऊण किलो. बंदूक चार किलोच्या जरा आत आली, म्हणजे माझ्या थ्री-नॉट-थ्रीएवढी. दणका याने साधारण पाचव्या हिश्शाने वाढेल, पण तो सवयीने सोसतो. आता काडतुसं. "किती नेतोस?" "चाळीस." एकेक पंचवीस ग्रॅमचं, म्हणजे तो एक किलो झाला. एका हरणाला चाळीस काडतुसं? दहा ने. आणखी साडेसातशे ग्रॅम वाचले. बंदूक न कोरता दीड किलो उतरला. दस्ता आणि नळीचे जे पैसे वाचतील त्यातून काडतुसं घेऊन आधी मैदानावर सराव कर, आणि दुर्बीण बदलल्यावर नेम पुन्हा जुळवल्याशिवाय डोंगर चढू नको. सराव असा कर, की दोनशे पावलं पळून यायचं, बंदूक टेकवायची, श्वास खाली बसेपर्यंत थांबायचं आणि मग बार. श्वास बसला नाही तर बार नाही. समोर कितीही मोठं शिंग असो.

तो हसला. म्हणाला, "मामा, तुम्ही वजन कमी करायचं सोडून माझाच अभ्यास घेताय."

मी म्हटलं, "अजून एक हिशेब राहिला. येताना काय आणणार?" तिकडच्या कायद्यानुसार मारलेल्या जनावराचं खाण्याजोगं मांस टाकून देता येत नाही. मोठ्या नराचं हाडं काढलेलं मांस सत्तर ते शंभर किलो भरतं. ते खाली आणायचं तुम्हीच, पाठीवरून, चार-सहा खेपा करून. जाताना अठराशे ग्रॅमसाठी बंदूक कोरायला निघालेल्या माणसाने येतानाच्या या ओझ्याचा विचार केलाय का? तेवढं वाहायची तयारी नसेल तर चाप ओढायचा हक्क नाही, असं मला वाटतं. फोनवर थोडा वेळ शांतता होती. मग म्हणाला, "हे आम्ही धरलंच नव्हतं."

काही वाचक म्हणतील, गुरुजी, तुम्ही शिकारीचं समर्थन करताय. नाही. आपल्याकडे शिकार गुन्हा आहे आणि तो गुन्हाच राहावा. पिकाची नासाडी झाली तरी शेतकऱ्याला आधी वन खात्याची परवानगी लागते, याचा त्रास होतो हे मी रोज ऐकतो, तरीही. १९८६ साली गौताळा अभयारण्य झालं आणि २०२१ साली थेट यवतमाळकडच्या टिपेश्वरहून चालत एक वाघ तिथे येऊन पोचला, तेव्हा मला पेपरमधली बातमी वाचून डोळ्यांत पाणी आलं होतं. जिथे माझ्या मामाने बार टाकला त्याच डोंगरात तो फिरत असेल. पण भाच्याच्या देशाचा कायदा वेगळा, तिथली रानं वेगळी. चाळिशी उलटलेल्या माणसाला मी इथून "नको" म्हणालो असतो, तर त्याने "बरं" म्हणून फोन ठेवला असता आणि गेलाच असता, कार्बनचा दस्ता लावून. मग त्याला नकार देण्यापेक्षा हिशेब देणं मला जास्त उपयोगाचं वाटलं.

आक्काला हे पटलेलं नाही. तिला मी नाल्यातलं सगळं सांगितलं, पहिल्यांदाच. तिलाही तो मामा होता, पण तिला हे माहीत नव्हतं. बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "हे त्याला सांगितलंस का?"

नव्हतं सांगितलं. हिशेब सांगितला होता, नाला सांगितला नव्हता. लाज वाटली होती, दुसरं काय.

म्हणून हे सगळं इथे लिहिलं आहे. भाचा हे पान वाचतो, मला माहीत आहे. वाचून त्याने काय करायचं ते त्याचं त्याने ठरवावं. गेलाच, तर श्वास बसल्याशिवाय बार टाकू नये.

असो. चार किलो सातशे ज्वारी घरात येऊन पडली आहे, ती दळायला द्यायची आहे.